मंगळवारची बैठक

भामरागड
२८ जुलै २०२४

बाबा, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. नऊ वर्षांत पहिल्यांदा लिहून राह्यलो. फोन केला असता, पण तुमची लेक संघप्रिया सांगते की तुम्हाला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही, राइस मिलच्या आवाजानं कान गेले. खरं सांगायचं तर ऐकू येत असतं तरी मी फोन केला नसता. फोनवर तुम्ही गप्प बसले असते, मग मीही गप्प बसलो असतो.

मला काही नको आहे, हे आधीच सांगतो. आरोग्य सेवक म्हणून इथे सातवं वर्ष सुरू आहे. तुमची सून पुनम बरी आहे. दिव्यानी नऊ वर्षांची झाली, चौथीत आहे. तुम्ही पाहिली तेव्हा दीड महिन्याची होती.

पत्र कधी पोहोचेल सांगता येत नाही. पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली आहे, बस बंद, टॉवर बंद. मागच्या आठवड्यात बाजारातल्या दुकानांत छातीएवढं पाणी होतं. बायका-पोरांना वसतिगृहात हलवलं आणि आम्ही अकरा माणसं शाळेच्या वरच्या मजल्यावर तीन दिवस अडकलो. पुनम आणि दिव्यानी सुखरूप होत्या, काळजी नको.

तिथे एक गोष्ट झाली, ती सांगायला हे पत्र.

दुसऱ्या दिवशी जीप चालवणारा अजय ओला शर्ट पिळता पिळता म्हणाला, "माझ्या बापानं मले आजपर्यंत नावानं हाक नाई मारली. 'ए' म्हणते. चाळीस वर्षं झाली, मी 'ए' च आहे." सगळे हसले. मग हळूहळू कोणीच हसेना. कोपऱ्यात झिंगू बसला होता. झिंगू आत्राम, वनखात्यात रोजंदारीवर आहे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, एरवी दिवसाला चार शब्द बोलतो. तो बोलायला लागला. बावीस वर्षांपूर्वी तो आणि त्याचा मोठा भाऊ मासे धरायला नदीत उतरले. भाऊ वाहून गेला. झिंगू कसाबसा काठाला लागला आणि संध्याकाळी एकटा घरी गेला. दारात बाप उभा होता. बाप म्हणाला, "तू काऊन आला वापस?"

का परत आलास, एवढंच. झिंगू त्याच पावली निघाला तो परत गेलाच नाही. बापाचं गाव इथून सोळा किलोमीटर. बावीस वर्षं सोळा किलोमीटर.

मग एकेक करून सगळे बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "माझे वडील चांगले आहेत, मूल गावात असतात," आणि पाणी किती उतरलं ते पाहायला खिडकीशी गेलो.

बाजारातलं पाणी ओसरल्यावर अजय म्हणाला, "पूर गेला म्हणून बोलणं काऊन बंद करायचं?" गेल्या मंगळवारपासून, दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही झिंगूच्या गावातल्या गोटुलात बसतो. गोटुल म्हणजे गावाच्या बसाउठायची मोठी झोपडी. तीन नियम केले आहेत. दारू पिऊन यायचं नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. (झिंगूचं आणि अजयचं मी त्यांना विचारून लिहिलं आहे.) आणि 'जाऊ दे, बापच आहे' असं कोणी कोणाला म्हणायचं नाही.

तब्येतीला जपा.

राजदीप


भामरागड
२९ ऑगस्ट २०२४

बाबा, जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र मिळालं. इकडे रोवणा झाला. प्रकृती ठीक. खुशाल." नऊ वर्षांनंतर आठ शब्द, धानाची लावणी आणि तुमचं नाव धरून. पुनमनं ते आरशामागे खोचून ठेवलं, मी काढून फेकायला निघालो, मग मीच परत खोचलं. राग आला. आनंदही झाला, तो कबूल करायला दोन दिवस लागले.

आता सरळ लिहितो. मंगळवारी तेच करतो आम्ही.

मागच्या बैठकीत मी पहिल्यांदा बोललो. मिलचं बोललो. मी पंधरा वर्षांचा होतो, तुमचा डबा घेऊन आलो होतो. मालकाचा पुतण्या माझ्याच वयाचा, तो मला म्हणाला, "चल, तुले मशीन चालवून दाखवतो." मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं खटका दाबला. आत धान अडकलेलं होतं. मोटर जळाली, धूर निघाला. मालक आला. पुतण्या माझ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला. तुम्ही मला एक शब्द विचारला नाही, बाबा. मशीनचा जुना पट्टा उचलला आणि वाळत घातलेल्या धानावर, सगळ्या हमालांसमोर, मला मारलं. मी ओरडून सांगत होतो, "मी नाई केलं, बाबा, मी नाई केलं." तुम्ही थांबले नाहीत. मालक म्हणाला, "बस झालं, खुशाल," तेव्हा थांबलात. म्हणजे मालकाचं ऐकू आलं, माझं नाही.

पाठीवरचे वळ महिन्याभरात गेले. पण आजही कोणी मला जरा मोठ्यानं "हे कोणी केलं?" विचारलं की मी न केलेल्या गोष्टीसाठी घाम पुसतो. ऑफिसात डॉक्टर मॅडमनी रिकामी बाटली कुठे आहे विचारलं तरी.

गोटुलात मी हे सांगून थांबलो. झिंगू उठून माझ्याशेजारी येऊन बसला, बस्स. बाबा, मला वाटत होतं मी बोललो तर फुटेन. फुटलो नाही. घरी जाताना सायकल हलकी वाटत होती, हसू नका.

आणखी एक लिहायचं आहे, तेही तितकंच खरं. नऊ वर्षांपूर्वी आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो होतो, "या माणसाच्या भीतीनं माझी आई मेली." आई काविळीनं गेली. शेवटचे सतरा दिवस तुम्ही तिच्या खाटेजवळून हलला नव्हतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी बोललो. तुम्हाला कुठे लागेल ते शोधून बोललो. ते खोटं होतं. त्याची माफी मागतो.

मिलच्या दिवसाची माफी तुम्ही मागा, असं मी म्हणत नाही. ती मागायची की नाही, ते तुमच्याकडे आहे.

राजदीप


भामरागड
२० ऑक्टोबर २०२४

बाबा, जयभीम.

पावणेदोन महिने तुमचं उत्तर नाही. संघप्रिया सांगते, पत्र तुम्ही उशीखाली ठेवलं आहे आणि कोणाशी बोलत नाही. उत्तर द्याच असं नाही. मी लिहितो.

झिंगूचं सांगतो आधी. तो बापाकडे गेला! पाऊस थांबल्यावर म्हणाला, "चल माझ्यासंगं, एकट्याचे पाय नाई उठत." आम्ही दोघं चालत गेलो. बाप अंगणात बसला होता, पंचाहत्तरीचा, कातडं हाडाला चिकटलेलं. झिंगूला पाहून आत गेला आणि दार ओढून घेतलं. आम्ही परतलो. वाटेत झिंगू म्हणाला, "घर तं दिसलं." दुसऱ्यांदा गेला, तेव्हाही दार बंद. तिसऱ्यांदा गेला तर बाप एकटाच कुंपणाला काट्या बांधत होता. झिंगू दुसऱ्या टोकाकडून बांधायला लागला. दिवसभर दोघांनी कुंपण बांधलं. शब्द नाही. दोन टोकं जुळायला हातभर अंतर राहिलं तेव्हा म्हातारा माडिया बोलीत बोलला. झिंगूनं आम्हाला मराठीत सांगितलं:

"दोन पोट्टे होते. एक नदीनं नेला, एक माझ्या तोंडानं."

झिंगू त्या मंगळवारी गोटुलात आला तो ढोल घेऊन. या माणसाला ढोल वाजवता येतो हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं! आम्ही अकरा माणसं नाचलो, बाबा. मी नाचलो. तुम्हाला खरं वाटणार नाही. गावातल्या बाया हसून हसून बेजार झाल्या.

आता जे दोन्ही पत्रांत लपवलं ते लिहितो.

पहिलं पत्र मी पुरामुळे लिहिलं नव्हतं. जुलैच्या सुरुवातीला मी दिव्यानीला मारलं. रक्तनमुन्यांच्या काचपट्ट्यांचा डबा पडून फुटला होता. मी विचारलं, कोणी केलं? ती म्हणाली, "मी नाही." मी दोन थापडा मारल्या. ती रडली नाही. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसली, जसा मी बसायचो. डबा मांजरानं पाडला होता, पुनमनं नंतर सांगितलं.

नंतर कित्येक आठवडे मी मनात म्हणत राहिलो, हा हात बाबांचा आहे. सोयीचं होतं ते. गोटुलात अजयनं विचारलं, "भाऊ, हात कोणाच्या खांद्याला आहे?" माझ्याच खांद्याला होता. मी दिव्यानीसमोर खाली बसून माफी मागितली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आधी विचारायचं ना, बाबा."

तेव्हापासून हात उचलला नाही. राग येतो. बाहेर जाऊन धानाच्या बांधीवरून चक्कर मारून येतो. येतं जमवता. अकरा माणसांपैकी सात जणांना जमून राह्यलं आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

राजदीप


मूल
१२ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव राजदीप यास,

तुझे तिन्ही पत्रं चार-चारदा वाचले. मले लिहिता येत नाई असं नाई, पण जे लिहायचं आहे ते लिहिलं का खोडतो, लिहिलं का खोडतो. संघप्रियाची अर्धी वही गेली.

धान कापून झालं का येतो. मंगळवार पाहून येतो. तुझ्या एकट्यासमोर नाई बोलत. तुले मी सगळ्यांसमोर मारलं होतं, तं सगळ्यांसमोरच बोलतो. तुझ्या लोकांले विचारून ठेव, बुढा माणूस बसला तं चालते का.

खुशाल


भामरागड
२८ नोव्हेंबर २०२४

संघप्रिया, जयभीम.

काल फोनवर तू "काय झालं, दादा, काय झालं?" विचारत राहिलीस आणि मी "मग सांगतो" म्हणून ठेवून दिला. तोंडानं सांगता येईना. लिहितो.

बाबा सोमवारी संध्याकाळी उतरले. मूलहून गडचिरोली, तिथून आलापल्ली, मग इकडची बस. अडुसष्टाव्या वर्षी एकट्यानं. पांढरा सदरा, हातात तू दिलेली पिशवी. मला पाहून म्हणाले, "बारीक झाला." मी म्हणालो, "तुम्हीही." मग घरापर्यंत दोघंही रस्त्याविषयी बोललो. पुनमनं भात, वांग्याची भाजी केली होती, बाबा पोटभर जेवले. दिव्यानी दाराआडून पाहत होती.

मंगळवारी मी त्यांना सायकलच्या मागे बसवून गोटुलात नेलं. सगळे आले होते. पहिली अडचण अशी की बाबांना ऐकू येईना. आमचं बोलणं म्हणजे कुजबुज. अजय दोनदा बोलला, बाबा म्हणाले, "काय?" मग अजय ओरडला, "माझा बाप मले नावानं हाक मारत नाई!" बाहेर धान झोडपणाऱ्या बाया थांबल्या. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुझं नाव काय?" "अजय!" "अजय," बाबा म्हणाले. "चांगलं नाव आहे, अजय." आणि संघे, तो सहा फुटी माणूस तोंड फिरवून बसला. मग सगळेच ओरडून बोलले. जे आम्ही चार महिने खाली मान घालून बोलत होतो ते त्या दिवशी अख्ख्या गावानं ऐकलं. कोणाचं काही बिघडलं नाही.

शेवटी बाबा उभे राहिले. मी म्हणालो, बसून बोला. ते म्हणाले, "नाई, उभ्यानं मारलं होतं."

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

"मी खुशाल. मिलमधे मिस्त्री होतो. माझ्या या पोरानं तुमाले सांगितलं असन, मी त्याले न विचारता मारलं. त्याले वाटते मले मालूम नव्हतं. मले मालूम होतं. मालकाच्या पुतण्यानं खटका दाबला ते मी वरच्या जिन्यावरून पाह्यलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मालकाच्या पुतण्याले मी हात नाई लावू शकत होतो. तोंडानं बोलूही नाई शकत होतो, दुसऱ्या दिवशी मिलच्या बाहेर असतो. माझ्या पोराले हात लावू शकत होतो. म्हणून लावला. तो ओरडत होता का मी नाई केलं, आणि मले मालूम होतं का त्यानं नाई केलं, आणि मी मारत होतो. तेवीस वर्षं झाली. याच्या आईले, गिरजाले, सांगितलं होतं मी. ती म्हणे, पोराले सांगा. माझ्यानं नाई झालं. ती गेली तेव्हा हा मले बोलला, ते खोटं होतं, त्यानं माफीही मागितली. पण मी तेव्हा चूप राह्यलो काऊन, तं मले वाटलं, भेटली सजा, बरं झालं. सजा नव्हती ती. खरं बोलणं बाकी होतं. चूक माझी होती. त्याची नव्हती. तुमच्यासमोर सांगतो."

संघप्रिया, मी उठलो आणि बाहेर गेलो. मला मिठीबिठी मारावीशी वाटली नाही. मला इतका राग आला होता की तिथे थांबवेना. न कळून मारलं असतं तर ते कसंतरी गिळलं होतं. कळून मारलं! मी नदीपर्यंत चालत गेलो. ऊन उतरत होतं. झिंगू मागून आला, लांब उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "जायचं असन तं जा. मी बावीस वर्षं गेलो होतो. काई नाई भेटत तिकडं."

मी तिथेच उभा होतो आणि एकदम लक्षात आलं. हमालांसमोर ओरडणारा तो पंधरा वर्षांचा पोरगा खरं बोलत होता, आणि आज त्याच्यावर विश्वास ठेवणारा एक साक्षीदार मिळाला होता. तोही खुद्द मारणारा. अकरा माणसांसमोर, गावासमोर. मी खरा होतो. मला माहीत होतंच, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तेवीस वर्षं लागली. पाय आपोआप मागे वळले.

बाबा अजून उभेच होते. कोणी त्यांना बसवू शकलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "बाबा, मले लय राग आला आहे!"

"येऊ दे," ते म्हणाले.

"पण मी जात नाई!"

त्यांना ऐकू आलं की नाही कळलं नाही. मी परत ओरडलो, "मी जात नाई, बाबा!" तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि मी त्यांना घेऊन खाली बसलो. आणि बाहेरून, संघे, धान झोडपणाऱ्या शकुबाईनं हाक दिली, "बसले का एकदाचे दोघंही?" सगळं गोटुल हसलं. बाबाही हसले. आईबरोबरच्या लग्नाच्या फोटोत हसतात तसे.

आज सकाळी दिव्यानी त्यांना आपली शाळा दाखवायला घेऊन गेली. रविवारपर्यंत राहतील. तू रडू नकोस.

तुझा दादा


मूल
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजदीप,

तुझे दोन्ही पत्रं भेटले. दिव्यानीचं चित्रही भेटलं, त्यात माझे कान बहुत मोठे काढले.

एक खबर द्यायची आहे. जानेवारीपासून आपल्या वार्डातल्या विहारात मी रविवारी दुपारी बैठक लावली. तुमचेच तीन नियम फळ्यावर लिहिले. पहिल्या रविवारी मी एकटाच सतरंजीवर बसलो होतो. लोक डोकावून जात, म्हणत, मिस्त्रीभाऊले काय झालं. दुसऱ्या रविवारी दोघं आले, मिलमधलेच जुने. तिसऱ्या रविवारी पाच. एक तं एकाहत्तर वर्षांचा, नातसुना आल्या घरी, आणि आपल्या बापाविषयी बोलता बोलता ढसाढसा रडला. बाप मरून चाळीस वर्षं झाली त्याचा. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. झिंगू बसला होता तसा.

दर वेळी मी आधी बोलतो. मिलचं सांगतो. पहिल्या वेळी जीभ जड झाली, आता नाई होत. गावात काही लोक म्हणतात, म्हातारपणी काऊन आपली इज्जत घालवून राह्यला. मी म्हणतो, इज्जत तेव्हा गेली होती, आता कमवून राह्यलो.

मागच्या रविवारी एक जवान पोट्टा आला. बावीस-तेवीसचा, मोबाइलच्या दुकानात काम करते. शेवटपर्यंत काही बोलला नाई. उठता उठता माझ्या कानापाशी येऊन म्हणे, "बाबा, तुमच्या पोरानं तुमाले माफ केलं का?"

मी सांगितलं, मालूम नाई. मी विचारलं नाई, विचारणारही नाई. ते त्याचं काम आहे. माझं काम खरं बोलायचं होतं, ते झालं. आता तो येते, माझ्याजवळ बसते, कधी रागावते, जेवते, परत येते. त्या पोट्ट्यानं चपला घातल्या. मग म्हणे, "माझा बाप असं कधीच नाई बोलणार." मी म्हटलं, मीही सदुसष्ट वर्षं नाई बोललो.

काल रविवार होता. सतरंजी टाकली, नऊ जण आले. मी बोलायला उभा राह्यलो तं दारात गडबड ऐकली म्हणजे पाह्यली. तोच पोट्टा होता. सायकल धरून उभा, घामानं ओला. मागच्या कॅरिअरवर त्याचा बाप बसला होता, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, उतरू का नको या विचारात.

मी सतरंजीवर सरकून जागा केली.

तुझा बाबा,
खुशाल